१२३४५६७८९८७६५४३२१ : नऊ एकांच्या वर्गाविषयी काही प्रश्न

नौपाडा_गणितकट्टा यांचा प्रश्न :

ठाण्यात नौपाड्यातील आमच्या इमारतीत रविवारी सकाळी सातवी-आठवीची मुले गणितासाठी जमतात. परवा विषय निघाला तो केवळ १ या अंकाने बनलेल्या संख्यांच्या वर्गांचा. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१ एवढे मुलांनी हाताने करून पाहिले, आणि त्यावरून नऊ एकांच्या संख्येचा, म्हणजे १११११११११ चा, वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ असणार असे गुणाकार न करताच फळ्यावर लिहून टाकले.

खात्रीसाठी एकाने लॅपटॉपवरील स्प्रेडशीटमध्ये हा गुणाकार केला, तेव्हा उत्तर १२३४५६७८९८७६५४३०० असे आले. संगणकाची थोडी माहिती असलेल्या एका मुलीने तोच गुणाकार ब्राउझरच्या कन्सोलमध्ये केला, तर तिच्या उत्तराच्या शेवटी ३२० होते. एकाच गुणाकाराची तीन उत्तरे समोर असताना "फळ्यावरचे बरोबर आहे" एवढ्यावर मुलांचे समाधान झाले नाही, आणि व्हायलाही नको होते.

म्हणून जाणकारांना विचारतो. यंत्रे येथे का चुकतात आणि फळ्यावरचे उत्तर बरोबर असल्याचे कागदावर कसे दाखवावे? दहा एकांपाशी ही मांडणी नेमकी का मोडते? या १७ अंकी संख्येचे मूळ अवयव शाळेच्या गणिताच्या आवाक्यात राहून शोधता येतील का? आणि संख्या केवळ दिसायला देखणी आहे, की त्यापलीकडे तिच्यात काही आहे?

घोडबंदर_७ :

स्प्रेडशीटमधील त्या चौकटीचे फॉरमॅट बदलून दशांशस्थळे शून्य करावीत आणि रकाना रुंद करावा. सगळे अंक दिसतील.

ऐरोली_संगणक :

वरील उपायाने रकाना रुंद होईल, पण ३०० चे ३२१ होणार नाही, कारण अडचण केवळ दाखवण्याची नसून साठवण्याचीही आहे. स्प्रेडशीट आणि ब्राउझर हे दोन्ही सामान्यतः संख्या ६४ बिटांच्या एका ठरावीक साच्यात ठेवतात. त्या साच्यात संख्येच्या सार्थ अंकांसाठी द्विमान पद्धतीतील ५३ स्थाने मिळतात, त्यामुळे २ च्या ५३व्या घातापर्यंत, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत, प्रत्येक पूर्ण संख्या तंतोतंत साठवता येते. आपली संख्या या मर्यादेच्या पुढे आहे. तेथून २ च्या ५४व्या घातापर्यंत फक्त सम संख्यांनाच जागा उरते, आणि आपली संख्या तर विषम आहे. ३२० आणि ३२२ वर संपणाऱ्या दोन सम संख्यांच्या ती बरोबर मध्ये येते. अशा वेळी ज्या शेजाऱ्याच्या द्विमान मांडणीतील शेवटचा सार्थ अंक शून्य असतो तो निवडायचा असा नियम आहे, आणि म्हणून ब्राउझरने ३२० दिले. बहुतेक स्प्रेडशीट याही पुढे जाऊन पंधराच सार्थ अंक राखतात आणि उरलेल्या स्थानी शून्ये भरतात. त्यामुळे तेथे ३०० दिसले.

उपाय हवा असेल तर पायथॉनसारख्या भाषेत हा गुणाकार करावा. तेथे पूर्ण संख्यांना अशी लांबीची मर्यादा नसल्याने सतराही अंक अचूक मिळतात. मात्र मुलांना यंत्राची चूक यंत्रानेच दाखवण्यापेक्षा कागदावर दाखवणे मला अधिक योग्य वाटते, आणि त्याला एकच वाक्य पुरते. एककस्थानी १ असलेल्या दोन संख्यांचा गुणाकार शून्यावर संपूच शकत नाही.

कळवा_निवृत्तशिक्षक :

ऐरोलीकरांचे शेवटचे वाक्य पुरेसे आहे, तरी नवाचा ताळा येथे मुलांकडून अवश्य करून घ्यावा. १११११११११ च्या अंकांची बेरीज ९, म्हणजे नवाने भागल्यावर बाकी शून्य, तेव्हा वर्गाचीही बाकी शून्यच हवी. फळ्यावरील संख्येच्या अंकांची बेरीज ८१ येते आणि ताळा जमतो. ३०० वर संपणाऱ्या संख्येची बेरीज ७८, म्हणून बाकी ६. ३२० वर संपणारीची बेरीज ८०, म्हणून बाकी ८. दोन्ही उत्तरे तेथेच बाद होतात. अर्थात ताळा चुकीचे उत्तर पकडतो, बरोबर उत्तर सिद्ध करीत नाही, कारण दोन अंकांची अदलाबदल झाली तरी नवाचा ताळा जमतोच. सिद्धतेसाठी गुणाकाराची मांडणीच पाहायला हवी.

१११११११११ ला त्याच संख्येने गुणताना एकाखाली एक नऊ ओळी येतात. प्रत्येक ओळ तीच, फक्त एकेक घर डावीकडे सरकलेली. आता बेरीज ओळींऐवजी उभ्या रकान्यांत पाहा. एककाच्या रकान्यात एकच १ आहे, दशकाच्या रकान्यात दोन, शतकाच्या रकान्यात तीन, आणि असे वाढत वाढत नवव्या रकान्यात नऊ. त्यापुढे उजवीकडच्या ओळी एकेक करून संपत जातात, म्हणून आठ, सात, सहा असे उतरत शेवटी पुन्हा एक. कोणत्याही रकान्याची बेरीज नऊच्या वर जात नसल्यामुळे कोठेही हातचा येत नाही आणि रकान्यांच्या बेरजा हेच उत्तराचे अंक ठरतात. संख्या उजवीकडून आणि डावीकडून सारखीच का वाचली जाते, याचे कारणही यातच आले, आणि अंकांची बेरीज ८१ का, याचेही. कारण मांडणीत एकूण नऊ गुणिले नऊ एवढेच एक लिहिलेले आहेत.

दहा एकांची संख्या घेतली की मधल्या रकान्यात दहा जमतात. तेथे शून्य लिहून हातचा एक पुढे जातो. पुढच्या रकान्यात नऊ होते, त्यात हातचा मिळून पुन्हा दहा, म्हणून पुन्हा शून्य आणि पुन्हा हातचा एक. त्यापुढील रकान्यात आठ होते, ते नऊ होतात, आणि हातच्याची साखळी तेथे थांबते. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या बाजूला सातानंतर एकदम नऊ आले आणि आठ गळाला, हे मुलांच्या लगेच लक्षात येईल.

हा आठ गळण्याचा प्रकार जुन्या पिढीने दुसरीकडे पाहिलेला आहे. १२३४५६७९ या आठ नसलेल्या संख्येला ९ ने गुणले की १११११११११ मिळते, ही करामत आमच्या वेळी शाळेत सर्रास चाले. दोन्हींचे मूळ एकच आहे. एक नवमांश म्हणजे ०.१११… असे न संपणारे एक, आणि त्याचा वर्ग एक एक्याऐंशांश. न संपणाऱ्या एकांचा वर्ग करताना रकान्यांच्या बेरजा १, २, ३ अशा वाढतच जातात, दहाच्या पुढे गेल्या की हातचे मागच्या घरांत शिरतात, आणि दर खेपेस आठाचा नऊ होतो. म्हणून एक एक्याऐंशांश हा ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असा नऊ अंकांच्या आवर्तनाने चालतो.

एक अवांतर. भास्कराचार्यांनी लीलावतीत दिलेल्या स्थानांप्रमाणे ही संख्या वाचली तर ती एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू अशी चढत जाऊन नऊ अर्बुदांवर पोहोचते आणि आठ कोटींपासून खाली उतरू लागते.

ऐरोली_संगणक :

सरांच्या मांडणीला एक पुरवणी जोडतो. नऊवर थांबणे हा दशमान पद्धतीचा गुण आहे, एकांच्या वर्गाचा नव्हे. अष्टमान पद्धतीत ७ हा सर्वांत मोठा अंक, म्हणून तेथे सात एकांपर्यंत हातचा येत नाही आणि १११११११ या सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असा येतो. आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीत पाहिले तर ते सात एक म्हणजे २९९५९३, आणि त्याचा वर्ग ८९७५५९६५६४९. या संख्येकडे पाहून तिच्यात काही विशेष आहे अशी शंकाही येणार नाही. अंकांची ठेवण आणि संख्येचा स्वभाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे मुलांना दाखवायला हे उदाहरण बरे आहे. विभाजक, अवयव, वर्ग असणे हे पद्धत बदलली तरी बदलत नाही.

डोंबिवली_पूर्व :

चर्चा ठाण्यातून चालली आहे आणि अजून गणिती कापरेकरांचे नाव निघालेले नाही, याचे आश्चर्य वाटते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूचा, आणि त्यांचे माध्यमिक शिक्षण ठाण्यातच झाले. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीत शिक्षक होते. ६१७४ ही त्यांची संख्या सर्वांना ठाऊक असते. परंतु ज्या घराण्यातील संख्येविषयी आपण बोलत आहोत त्याला त्यांनी डेम्लो संख्या असे नाव दिले होते, आणि हे डेम्लो म्हणजे तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवरील आमचे आजचे डोंबिवली स्थानक. कल्पना सुचली तेथले नाव त्यांनी संख्यांना देऊन टाकले.

डेम्लो संख्येचे तीन भाग पडतात. मधला भाग एकाच अंकाच्या पुनरावृत्तीचा असतो, आणि डावा व उजवा भाग यांची बेरीज केली की तोच अंक पुन्हा पुन्हा मिळतो. १६५ मध्ये १ आणि ५ मिळून मधले ६ होतात. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५. आपल्या संख्येचे असे भाग पाडले तर डावीकडे १२३४५६७८, मध्ये ९ आणि उजवीकडे ८७६५४३२१ राहतात. दोन्ही टोकांची बेरीज ९९९९९९९९ येते. एकांच्या वर्गांतून येणाऱ्या १, १२१, १२३२१ या मालिकेला अद्भुत डेम्लो संख्या असेच म्हणतात, आणि हातचा न येता बनणाऱ्यांत आपली संख्या शेवटची.

नौपाडा_गणितकट्टा :

सर्वांचा आभारी आहे. डोंबिवलीकरांना एक पूरक प्रश्न. कापरेकर संख्या म्हणून जो प्रकार प्रसिद्ध आहे, ज्यात ४५ चा वर्ग २०२५ आणि २० अधिक २५ म्हणजे पुन्हा ४५, त्यात १११११११११ बसते का? आणि मूळ अवयवांचा प्रश्न तसाच राहिला आहे.

डोंबिवली_पूर्व :

बसत नाही, पण ज्या तऱ्हेने बसत नाही ती पाहण्यासारखी आहे. नियमाप्रमाणे वर्गाचे उजवीकडील नऊ अंक वेगळे काढले तर ९८७६५४३२१ मिळतात आणि डावीकडे १२३४५६७८ उरतात. यांची बेरीज ९९९९९९९९९ आहे, म्हणजे हव्या असलेल्या संख्येच्या बरोबर नऊपट. हा योगायोग नव्हे. नऊ-नऊ अंकांचे गट पाडून बेरीज करणे म्हणजे ९९९९९९९९९ चा ताळा घेणे होय. १११११११११ ला ९ ने नि:शेष भाग जातो, त्यामुळे तिच्या वर्गाला १११११११११ गुणिले ९ या संख्येने, म्हणजे नऊ नवांच्या संख्येने, भाग जातोच, आणि म्हणून बेरीज तिच्या पटीतच येणार. ९९९९९९९९९ ही स्वतः मात्र अस्सल कापरेकर संख्या आहे.

कापरेकरांच्याच हर्षद संख्यांत मात्र आपली १७ अंकी संख्या बसते. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला नि:शेष भाग जातो ती हर्षद. आपल्या संख्येला ८१ ने भागले तर १५२४१५७८९९७१०४१ येते आणि ती संख्या म्हणजे पुन्हा १२३४५६७९ चा वर्ग. एक ते नऊ एकांच्या वर्गांत हा गुण केवळ १, १२३२१ आणि आपली संख्या या तिघींनाच आहे.

वाशी_अंकसिद्धांत :

मूळ अवयवांविषयी लिहितो. वर्गाचे अवयव शोधायला वर्गाकडे पाहण्याचे कारण नाही, १११११११११ चे शोधले की काम झाले. या नऊ एकांचे तीन-तीनांचे गट पाडले तर ती संख्या १११ गुणिले १००१००१ आहे हे उघड दिसते. १११ म्हणजे ३ गुणिले ३७. १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून तिला ३ ने भाग जातो आणि ३३३६६७ उरतात. म्हणजे नऊ एक हे ३ चा वर्ग, ३७ आणि ३३३६६७ यांचा गुणाकार.

येथे खरा प्रश्न ३३३६६७ मूळ आहे का, हा. तिचे वर्गमूळ ५७७ आणि ५७८ यांच्या मध्ये आहे, आणि ५७७ पर्यंत १०६ मूळ संख्या आहेत. इतके भागाकार करायला कोणाचा रविवार देऊ नये. थोडा विचार केला तर त्यांतील बहुतेक आधीच गळतात. समजा प ही मूळ संख्या १००१००१ ला भागते. १००१००१ ला ९९९ ने गुणले की ९९९९९९९९९ येते, तेव्हा १० च्या नवव्या घाताला प ने भागल्यास बाकी १ उरते. आता १० च्या तिसऱ्या घातालाच जर १ बाकी उरत असेल, तर १००१००१ ची बाकी १ अधिक १ अधिक १, म्हणजे ३, तीच शून्य असायला हवी, आणि मग प ही ३ च असू शकते. ३ सोडून दुसरी कोणतीही प घेतली तर १ बाकी प्रथम नवव्या घातालाच येते. फर्माच्या प्रमेयाप्रमाणे प वजा १ व्या घातालाही १ बाकी येते, म्हणून प वजा १ ला ९ ने भाग गेलाच पाहिजे. प विषम असल्यामुळे प वजा १ सम आहे, तेव्हा १८ ने.

म्हणजे १८ च्या पटीत एक मिळवून येणाऱ्या मूळ संख्याच तपासायच्या. ५७७ पर्यंत त्या सतराच आहेत : १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१ आणि ५७७. हे भागाकार मुलांमध्ये वाटून द्यावेत. १९ ने बाकी ८ येते, ३७ ने १, शेवटच्या ५७७ ने १६१, आणि मधल्या एकानेही भाग जात नाही. म्हणून ३३३६६७ मूळ आहे.

वर्गात प्रत्येक अवयवाचा घातांक दुप्पट होतो, तेव्हा आपली संख्या ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार. तिचे विभाजक ५ गुणिले ३ गुणिले ३, म्हणजे ४५.

आता "देखणेपणापलीकडे काही आहे का" या प्रश्नाकडे येतो. मला या संख्येत सर्वांत आवडणारी गोष्ट अंकांच्या ठेवणीत नाही, ती ३७ मध्ये आहे. १२ आणि ३५ यांच्या वर्गांची बेरीज ३७ चा वर्ग होते. १११११११११ म्हणजे ३७ गुणिले ३००३००३, तेव्हा तिन्ही बाजूंना ३००३००३ ने गुणले की

३६०३६०३६ चा वर्ग + १०५१०५१०५ चा वर्ग = १२३४५६७८९८७६५४३२१

असे मिळते. नऊ एकांचा कर्ण असलेला काटकोन त्रिकोण, आणि बाजूही अंकांची तशीच लय धरणाऱ्या.

कळवा_निवृत्तशिक्षक :

वाशीकर, असे त्रिकोण आणखी किती, हे मुले विचारणारच. तेही सांगून टाकावे.

वाशी_अंकसिद्धांत :

सर, एकही नाही. ४ ने भागल्यावर ३ बाकी उरणारी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेला भागत असेल, तर ती त्या दोन्ही वर्गांच्या मुळांना स्वतंत्रपणे भागते, असा नियम आहे. ३ आणि ३३३६६७ या दोन्हींची ४ ने भागल्यावर बाकी ३ आहे. त्यामुळे त्रिकोणाच्या दोन्ही लहान बाजूंना ३००३००३ ने भाग जावाच लागतो, आणि तो काढून टाकल्यावर ३७ चा वर्ग दोन वर्गांत फोडायचा एवढेच उरते. १ ते ३६ पर्यंतच्या संख्या घेऊन मुले ते स्वतः तपासू शकतील. १२ आणि ३५ सोडून दुसरी जोडी सापडत नाही.

एक एक कमी केला की चित्र पालटते. आठ एकांची संख्या ११, ७३, १०१ आणि १३७ यांचा गुणाकार आहे. यांपैकी ११ सोडून तिघींची ४ ने भागल्यावर बाकी १ उरते. अशी प्रत्येक मूळ संख्या कर्णाच्या वर्गात दोनदा येते आणि तीन पर्याय देते, म्हणून तीन गुणिले तीन गुणिले तीन म्हणजे २७, त्यांतून एक बाजू शून्य होऊन सपाट पडणारा एक प्रकार वजा करून निम्मे केले की १३ त्रिकोण. त्यांतील एक १०१ वरून लगेच मिळतो, कारण २० आणि ९९ यांच्या वर्गांची बेरीज १०१ चा वर्ग आहे : त्याच्या बाजू २२००२२०, १०८९१०८९ आणि कर्ण ११११११११. उरलेले बारा नौपाड्याच्या मुलांनी शोधावेत. ७३ साठी ४८ आणि ५५, १३७ साठी ८८ आणि १०५ या जोड्या हाताशी ठेवल्या की सुरुवात होईल.